दोन पासपोर्ट, एक प्रवास: कुठल्या खिडकीवर कुठला दाखवायचा?



परदेशी प्रदर्शनाला जायची तयारी कशी करायची, हे आपण व्हिडिओत बघितलं. सॅम्पल, व्हिजिटिंग कार्ड, दरपत्रक सगळं झालं. पण एक विषय तिथे दोन मिनिटांत उरकावा लागला. तो इथे सविस्तर घेऊया: ज्याच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व आहे, त्याने प्रवासात कुठला पासपोर्ट वापरायचा?

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. माझं दुकान सावंतवाडीकडे, त्यामुळे बॅचमध्ये पेडणे, डिचोली, फोंडा इथली मुलं नेहमी असतात. बऱ्याच जणांचा कोणी ना कोणी इंग्लंडमध्ये असतो. मामा असतो, चुलतभाऊ असतो. मग प्लॅन ठरतो: इथून काजू, कोकम, मसाले पाठवायचे आणि तिकडे भावाने विकायचे. प्लॅन चांगला आहे. पण त्या भावाकडे पोर्तुगीज आणि ब्रिटिश असे दोन पासपोर्ट असतात, आणि माल बघायला, व्यवहार ठरवायला येणार तोच असतो. तो विमानतळाच्या काउंटरवरच अडकला तर तिकीट गेलं, मीटिंग गेली, आणि सीझनचा माल दुसऱ्याने उचलला.

म्हणून आजचा धडा दोघांसाठी आहे. ज्याच्याकडे दोन पासपोर्ट आहेत त्याच्यासाठी, आणि जो दुसरा घ्यायचा विचार करतोय त्याच्यासाठीही.

आधी पाया: भारतीय पासपोर्ट या खेळात नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून सुरुवात इथून.

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ सांगतं की भारतीय नागरिकाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळी नोटीस यावी लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. दुसरं मिळालं त्याच क्षणी पहिलं गेलं. आणि परदेशी पासपोर्ट काढणं हा नियमांप्रमाणे त्याचा पक्का पुरावा मानला जातो.

म्हणजे कपाटात जो निळा पासपोर्ट पडलाय, त्याच्यावर २०३० पर्यंतची मुदत छापलेली असली तरी तो आता तुमचा दुसरा पासपोर्ट नाही. तो सरेंडर करायचा कागद आहे. भारतात असाल तर पासपोर्ट कार्यालयात, परदेशात असाल तर भारतीय वकिलातीमार्फत तो जमा करायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. परदेशी नागरिकत्व घेतल्यावरही त्याच जुन्या पासपोर्टवर प्रवास केला असेल तर दंड लागतो, आणि पुढची सगळी कामं किचकट होतात.

"पण ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असलं तरी ते नागरिकत्व नाही आणि पासपोर्टही नाही. ती भारतात कितीही वेळा ये-जा करायची आयुष्यभराची परवानगी आहे. ती परदेशी पासपोर्टसोबतच चालते. नुसतं कार्ड घेऊन कुठेही जाता येत नाही.

मग गोव्यातल्या लोकांकडे दोन पासपोर्ट कसे?

हे थोडक्यात समजून घेऊ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या लोकांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांना आपला जन्म लिस्बनमध्ये नोंदवता येतो, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही त्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तरी हा रस्ता उघडा राहिला.

पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत युनियनच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाऊन राहायची, काम करायची मोकळीक होती. म्हणून पासपोर्ट पोर्तुगालचा, पण माणूस स्विंडनला किंवा साउथॉलला, असं चित्र तयार झालं. तिथे वर्षं काढल्यावर अनेकांनी ब्रिटिश नागरिकत्वही घेतलं. पोर्तुगाल आणि ब्रिटन दोघेही दुहेरी नागरिकत्व चालवून घेतात. त्यामुळे हे लोक खऱ्या अर्थाने दोन देशांचे नागरिक आहेत. फक्त त्या दोन देशांत भारत नाही.

याचं प्रमाण किती? २०११ ते २०२२ या काळात देशभरातल्या पासपोर्ट कार्यालयांत सुमारे ७० हजार भारतीय पासपोर्ट सरेंडर झाले, त्यातले सुमारे २८ हजार एकट्या गोव्याच्या कार्यालयात. म्हणजे हा दोन-चार घरांचा विषय नाही.

मुख्य सूत्र: तीन खिडक्या, तीन प्रश्न

बहुतेक लोक विचारतात, "दोन्हीपैकी जास्त पॉवरफुल पासपोर्ट कुठला?" हा प्रश्नच चुकीचा आहे. पॉवर बघून पासपोर्ट निवडायचा नसतो, समोरची खिडकी काय विचारतेय ते बघून निवडायचा असतो.

एका प्रवासात तुम्ही तीन खिडक्यांसमोर उभे राहता.

१. विमान कंपनीचं काउंटर. त्यांचा प्रश्न: "तुम्ही जिथे उतरणार, तिथे तुम्हाला आत घेतील का?" प्रवेश नाकारलेला प्रवासी परत आणायची जबाबदारी आणि दंड कंपनीच्या डोक्यावर येतो, म्हणून ते कडक असतात. इथे उतरायच्या देशात चालणारा पासपोर्ट दाखवायचा.

२. निघताना इमिग्रेशन. त्यांचा प्रश्न: "तुम्ही आमच्याकडे आलात कसे, आणि मुदतीत निघालात का?" इथे ज्या पासपोर्टवर त्या देशात आलात तोच दाखवायचा.

३. उतरल्यावर इमिग्रेशन. त्यांचा प्रश्न: "तुम्ही कोण, आणि कुठल्या हक्काने येताय?" त्या देशाचे नागरिक असाल तर त्या देशाचाच पासपोर्ट.

दुकानाच्या भाषेत सांगतो. समजा तुमच्या दोन फर्म आहेत, दोघींचे जीएसटी नंबर वेगळे. माल एका फर्मच्या नावाने आला आणि विक्रीचं बिल दुसरीच्या नावाने फाडलं तर काय होईल? पहिलीच्या वहीत माल पडून दिसेल, दुसरीच्या वहीत खरेदीच नसेल. चोरी कोणीच केली नाही, पण कागद चोरासारखे दिसतात. इमिग्रेशनची वही तशीच असते. म्हणून हे वाक्य लिहून ठेवा:

ज्या पासपोर्टवर आवक, त्याच पासपोर्टवर जावक.

आता प्रत्यक्ष प्रवास करून बघू

समजा, आपला माणूस मूळचा डिचोलीचा. राहतो स्विंडनला. पोर्तुगीज आणि ब्रिटिश दोन्ही पासपोर्ट आहेत. भारतीय पासपोर्ट सरेंडर केलाय, आणि ओसीआय कार्ड पोर्तुगीज पासपोर्टवर काढलंय. त्याला काजूचा धंदा सुरू करायचाय.

*लंडन ते गोवा*

काउंटरवर प्रश्न भारतात प्रवेशाचा. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. ब्रिटनमधून निघताना इमिग्रेशनची वेगळी खिडकीच नसते, प्रवाशांची माहिती विमान कंपनी सरकारला पाठवते. गोव्यात उतरल्यावर पुन्हा पोर्तुगीज आणि ओसीआय.

इथे ब्रिटिश पासपोर्ट पुढे केला तर? ओसीआय कार्डावर पासपोर्ट नंबर छापलेला असतो. कार्ड एका पासपोर्टचं आणि हातात दुसरा, अशी गाडी अडते. पुढे ब्रिटिश पासपोर्टवरच भारतात यायचं ठरवलं तर आधी ओसीआयमध्ये तशी नोंद बदलून घ्यायची, मग तिकीट काढायचं.

*गोवा ते लंडन*

इथे दोन्ही पासपोर्ट लागतात, आणि इथेच लोक गोंधळतात. काउंटरवर प्रश्न ब्रिटनमध्ये प्रवेशाचा, म्हणून ब्रिटिश. लगेच पुढे भारतीय इमिग्रेशन, तिथे आवक पोर्तुगीजवर झाली होती, म्हणून जावकही पोर्तुगीज आणि ओसीआयवर. अधिकाऱ्याने विचारलं, "ब्रिटनमध्ये कशाच्या आधारावर जाताय?" तर ब्रिटिश पासपोर्ट सरळ दाखवायचा. दोन पासपोर्ट असणं हा त्याच्या बाबतीत गुन्हा नाही, लपवालपवी केली की मात्र संशय येतो. लंडनला उतरल्यावर ब्रिटिश.

*लंडन ते लिस्बन आणि परत*

लिस्बनला एका दुकानदाराला सॅम्पल दाखवायचेत. जाताना काउंटरवर पोर्तुगीज, उतरल्यावर पोर्तुगीज. तो तिथला नागरिक, त्याला दिवसांची मर्यादा नाही. तोच माणूस ब्रिटिश पासपोर्टवर गेला तर पाहुणा ठरतो: शेंगेन भागात कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद सुरू झालीये, त्यात बाहेरच्या नागरिकांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. युनियनच्या नागरिकांना ते लागू नाही.

आता आवक-जावकचं महत्त्व बघा. तो ब्रिटिश पासपोर्टवर आत गेला आणि पोर्तुगीजवर बाहेर पडला, तर संगणकात ब्रिटिश माणूस आत आलेला दिसतो, बाहेर गेलेला दिसतच नाही. ९० दिवसांनी तो 'मुदत संपूनही राहिलेला' ठरतो, आणि पुढच्या वेळी खुलासे देत बसायचं.

परतताना लिस्बनच्या काउंटरवर ब्रिटिश, इमिग्रेशनला पोर्तुगीज, लंडनला ब्रिटिश. परतीच्या काउंटरवर पोर्तुगीज दाखवला तर कंपनी ईटीए मागते, म्हणजे ब्रिटनला यायची ऑनलाइन परवानगी. आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए काढताच येत नाही! २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटनने हे कडक केलंय: दुहेरी नागरिकाने ब्रिटिश पासपोर्ट किंवा तसा हक्क सिद्ध करणारं प्रमाणपत्र दाखवायचं. "ब्रिटिश पासपोर्ट घरी राहिला, पोर्तुगीजवर येतो" हे आता विसरा.

हा फक्त ब्रिटनचा हट्ट नाही. अमेरिका आपल्या नागरिकाने अमेरिकी पासपोर्टवरच यावं-जावं असं सांगते. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. कॅनडाने नोव्हेंबर २०१६ पासून विमानाने येणाऱ्या दुहेरी नागरिकांना कॅनडाचा पासपोर्ट आवश्यक केला, त्यात अमेरिकी-कॅनेडियन लोकांना सूट आहे. तत्त्व एकच: स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून शिरायचं नाही.

*लंडन ते दुबई*

गल्फूड प्रदर्शनाला जायचंय. दुबई दोघांपैकी कोणाचीच नाही, म्हणून इथे खरी निवड आहे. चार गोष्टी बघा.

- कुठल्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय किंवा सहज प्रवेश, आणि किती दिवस? हे नियम बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायचे.
- मुदत किती शिल्लक? अनेक देश सहा महिने मागतात.
- हॉटेल, प्रदर्शनाचा पास, बँकेचं काम यांना कुठला नंबर दिलाय? सगळीकडे एकच द्या.
- अडचण आली तर कुठली वकिलात मदत करणार? साधारणपणे, ज्या पासपोर्टवर आत गेलात त्या देशाची.

हा चौथा मुद्दा लोक विसरतात. दुहेरी नागरिक आपल्याच दोनपैकी एका देशात अडकला तर दुसऱ्या देशाचा हात आखडतो. १९३० च्या हेग करारातच तत्त्व आहे की ज्या देशाचा माणूस नागरिक आहे, त्या देशाविरुद्ध दुसरा देश त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. ब्रिटनही आपल्या दुहेरी नागरिकांना तसं स्पष्ट सांगतं. म्हणजे पोर्तुगालमध्ये भानगड झाली तर ब्रिटिश वकिलातीच्या भरवशावर राहू नका.

तिकीट काढताना तीन काळज्या

एक, नाव. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तीन नावं. एका पासपोर्टवर तिन्ही, दुसऱ्यावर दोनच, स्पेलिंग वेगळं, असं सर्रास असतं. दोन पासपोर्टवर दोन नावं असतील तर खिडकीवरचा माणूस दोन माणसं समजणार. नूतनीकरणाच्या वेळी नावं एकसारखी करून घ्या. तोवर तिकीट, दोन्ही पासपोर्ट आणि फरकाचा पुरावा सोबत ठेवा.

दोन, पासपोर्टची माहिती. विमान कंपनी बुकिंगनंतर पासपोर्ट नंबर मागते. जाताना आणि येताना वेगळा भरता येतो. जातानाच्या फेरीत भारतात प्रवेशाचा, येतानाच्या फेरीत ब्रिटनचा. वेबसाइट ऐकत नसेल तर काउंटरवर लवकर जा आणि तिथे बदलून घ्या.

तीन, दोन्ही मुदती. एकाच डायरीत दोन्ही पासपोर्टच्या तारखा लिहा, नऊ महिने आधीचं स्मरण लावा. एक जिवंत आणि एक मेलेला असेल तर वरचं सगळं गणित कोसळतं.

दुसरा पासपोर्ट घ्यायच्या आधी धंद्याचा हिशोब

आता बॅचमधल्या त्या मुलांसाठी, ज्यांच्या घरी "आजोबांची नोंद आहे, तू पण करून टाक" असं चाललंय. करू नका असं मी म्हणत नाही. पण हिशोब मांडून करा.

आपल्या उदाहरणातल्या माणसाला काजूचा धंदा करायचाय. कोणालाही वाटेल, दोडामार्गकडे स्वतःची बाग विकत घ्यावी, म्हणजे कच्चा माल घरचा. ते आता त्याला जमणार नाही. ओसीआयधारक भारतात घर, दुकान, गाळा घेऊ शकतो. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वडिलोपार्जित बाग वारशाने आली तर ठेवता येते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. ज्याचा धंदा जमिनीवर उभा आहे, त्याने हे पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

भागीदारीचं काय? परदेशात राहणारा ओसीआयधारक इथल्या फर्ममध्ये भांडवल घालू शकतो, पण ते पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर, आणि शेती-बागायत किंवा जमीन खरेदी-विक्रीच्या फर्ममध्ये नाही. कोकम सरबताच्या युनिटमध्ये भाऊ पैसे घालणार असेल तर करारपत्र करायच्या आधी सीएला हे विचारा.

बँक खातं? इथे लोक नागरिकत्व आणि राहणं यांची सरमिसळ करतात. परकीय चलनाचा कायदा प्रामुख्याने तुम्ही कुठे राहता ते बघतो. कायमचे बाहेर गेलात की साधं बचत खातं तसंच ठेवायचं नाही, ते एनआरओ करून घ्यायचं. हे भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यालाही लागू आहे.

आणि मतदान? ते जातं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत. निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी, तेही. मतदार यादीतलं नाव काढून घ्यायचं. याचा धंद्याशी काय संबंध असं वाटेल. पण बाजारपेठेतल्या गाळ्यांचा, रस्त्याचा, पाण्याचा निर्णय जिथे होतो, तिथे तुमचं मत उरत नाही. ही किंमत पैशात मोजता येत नाही, म्हणून हिशोबात धरलीच जात नाही.

मुलांबद्दलही एक गोष्ट. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय म्हणून करताना, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. जन्मामुळे दुसरं नागरिकत्व आपोआप मिळालं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडायचं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं.

आजचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. तुमचा किंवा तुमच्या परदेशातल्या भागीदाराचा पुढचा प्रवास लिहा. प्रत्येक फेरीसाठी तीन रकाने आखा: काउंटर, निघताना, उतरल्यावर. प्रत्येक रकान्यात पासपोर्टचं नाव भरा. मग तीन गोष्टी तपासा:

१. जिथला नागरिक, तिथे त्याच देशाचा पासपोर्ट आहे का?
२. प्रत्येक देशात आवक आणि जावक एकाच पासपोर्टवर आहे का?
३. भारताच्या रकान्यात, ओसीआय ज्या पासपोर्टवर आहे तोच लिहिलाय का?

तिन्हींना 'हो' आलं की तिकीट काढा. एकालाही 'नाही' आलं तर आधी कागद दुरुस्त करा, मग पैसे भरा. आणि कुठल्याही रकान्यात जुना भारतीय पासपोर्ट लिहिला गेला असेल, तर प्रवास बाजूला ठेवून आधी सरेंडरचं काम हातात घ्या. ज्यांनी फक्त लिस्बनला जन्म नोंदवलाय आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला नाही, त्यांनी पुढचं कुठलंही पाऊल टाकण्याआधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. ते प्रकरण वेगळं आहे, ऐकीव माहितीवर चालवायचं नाही.

पुढच्या व्हिडिओत सॅम्पलचा माल सोबत नेताना कस्टमला काय सांगायचं, ते बघू. तोवर कागद आखून ठेवा.

भेटूया!